कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

जळका वास आला तेव्हा मी आधी चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली होती. मग मी पुढच्या खोलीकडे धावले, कारण पुढच्या खोलीत कापूस होता.

कापूस म्हणजे थोडाथोडका नाही. आख्ख्या हंगामाची वेचणी त्या खोलीत होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, वर पत्र्याच्या आढ्याला टेकलेली. दाराजवळ तेवढी जागा मोकळी. त्या जागेत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, टेबलाखाली त्याचा काळा डबा. त्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. मी डबाच म्हणते. वास त्या डब्यातून येत होता, प्लास्टिक तव्यावर पडल्यासारखा. धूर निघाला की नाही यावर आमचं आजही एकमत नाही. सून म्हणते नव्हता. मी म्हणते होता, बारीक, उदबत्ती संपताना निघतो तेवढा.

मी नहाणीतली भरलेली बादली उचलली आणि आत गेले. सून मधे आली. दोन्ही हात पसरून डब्यापुढे उभी राहिली.

"पाणी नका टाकू, आत्याबाई. लाईट चालू हाय. तुमी बी मराल अन् हा बी मरन."

मी बादली खाली ठेवली. तिने भिंतीतली पिन उपटली, बाकीच्या वायरी ओढून काढल्या, आणि आम्ही दोघींनी तो डबा एकेका बाजूने धरून अंगणात नेला. लिंबाखाली ठेवला. तो तिथे गप्प उभा होता. काहीही पेटलं नाही. पण आम्ही त्याच्याकडे बघत बसलो नाही, कारण खरी भीती डब्याची नव्हती.

ज्यांनी घरात कापूस साठवला आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगते. कापसाला ठिणगी लागली तर भडका लगेच होत नाही. तो आतल्या आत जळत जातो. वरून पांढराशुभ्र दिसतो आणि पोटात विस्तव असतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, हातांवर ठेवायचा. आम्ही दोघी परत आत गेलो आणि टेबलाच्या बाजूचा कापूस कोपरापर्यंत हात घालून चाचपला. कुठे ऊब लागते का ते पाहत होतो. थोडा ओढून बाहेर काढला, पसरला, पुन्हा हात घातले. सरकी टोचत होती, अंगभर खाज सुटली होती. ऊब लागली नाही.

मग मी दारात बसले. सून बसली नाही. ती परत अंगणात गेली आणि डब्याशेजारी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी कापसासाठी घाबरले होते आणि ती त्या डब्यासाठी.

आता मागचं सांगते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. माझ्या आईबापाने दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, मीही लग्नाआधी तेच केलं आणि लग्नानंतरही. चौथीपर्यंत शाळा केली, पुढे हात कामाला लागले. आता आमचं स्वतःचं वावर आहे. मोठं नाही, पण आमचं आहे. त्यामुळे आमच्या घरात कापूस साठलेला असतो तेव्हा मला तो अडचण वाटत नाही. दुसऱ्याच्या घरात कापूस टाकून रिकाम्या हातांनी परत येणं मी पुष्कळ केलं आहे. भाव बरा येईपर्यंत कापूस घरी ठेवायचा, ही इथली रीत आहे. ज्याच्याकडे सुकी खोली आहे तो ठेवतो. घरातली सगळी माणसं तेवढे महिने खाजवत राहतात आणि कुणी तक्रार करत नाही.

सुकी खोली आमच्याकडे एकच, पुढची. विजेचा चांगला बोर्डही तिथेच. म्हणून कॉम्प्युटरही तिथेच आला.

सून यवतमाळकडची. बी.कॉम. झालेली. तिला मराठीत झरझर टाइप करता येतं. आदिलाबादला एक छापखाना आहे. तिथे तेलुगूत टाइप करणारे पाहिजे तितके मिळतात, इंग्रजीत मिळतात, मराठीत मिळत नाहीत. आणि इकडच्या अर्ध्या गावांतली लग्नं मराठीत होतात. म्हणून त्या छापखान्याच्या सगळ्या मराठी पत्रिका माझ्या सुनेकडे येतात. फोनवर मजकूर येतो, ती तो मांडते, कॉम्प्युटरवरून पाठवते. आमच्या लोकांच्या पत्रिकेत वर काय लिहायचं, मराठा-कुणब्यांच्या पत्रिकेत काय, कुणाच्या आजोबाचं नाव आधी आलं नाही तर मंडपात भांडण होईल, हे सगळं तिला ठाऊक असतं. शाळांचे मराठी पेपरही ती करते. सकाळची भाकर झाली की टेबलाशी बसते, आणि बसली की गुणगुणते. गाणं येत नाही तिला. नुसतं गुणगुणते.

माझा मुलगा मंचेरियलला एका कचेरीत कारकून आहे. रेल्वेच्या बाजूला एक खोली घेऊन राहतो आणि रविवारी घरी येतो. बायकोने तिथे यावं असं त्याला वाटतं. त्यात गैर काही नाही. पण तिला जायचं नव्हतं. तिकडे कोळशाची धूळ, दार उघडलं की रूळ, आणि मराठी पत्रिका कोण छापणार. इथे तिला लोक विचारत येतात. तिथे ती नुसती एका कारकुनाची बायको झाली असती. हे ती मला एकदाच बोलली, भाकरीचं पीठ मळताना.

"मले नाही जाचं मंचेरियलले. तिथं मी दिवसभर काय करू, गाड्या मोजू?"

तिने जाऊ नये असं मलाही वाटत होतं, आणि त्याचं कारण माया वगैरे नव्हतं. ती गेली असती तर या वयात मला एकटीचा स्वयंपाक करावा लागला असता. एकटीचा स्वयंपाक म्हणजे लाकडं जाळणं.

तर त्या वर्षी कापूस जास्त झाला आणि खोली जास्त भरली. होळी झाली, ऊन तापायला लागलं, लग्नांची कामं सुरू झाली, आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. चालता चालता पडदा काळा. तिने केलेलं निम्मं काम जायचं. आधी ती लाईटीला बोल लावायची, पण पंखा तर फिरत असायचा. मग तिने फोनवर पाहिलं, छापखान्यातल्या माणसाला विचारलं, आणि मला समजावून सांगितलं. मी विचारलं होतं म्हणून.

डब्याच्या आत एक चौकोनी चकती असते, बिस्किटाएवढी. सगळा विचार ती करते आणि विचार करून तापते. तिच्या अंगावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला कंगव्यासारखे दाते असतात, आणि त्याच्यावर छोटा पंखा. ठोकळा चकतीची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. फार तापलं तर चकती स्वतःच सगळं बंद करते, जळू नये म्हणून. शहाणी आहे. आमच्या घरातली माणसं एवढी शहाणी नाहीत.

मग मी विचारलं की ती पेस्ट कशाला, जिच्याबद्दल तू फोनवर बोलत होतीस. ती म्हणाली, दोन्ही धातू दिसायला गुळगुळीत असतात पण बारीक खड्डे असतात, त्यांत हवा राहते, आणि हवेतून उष्णता जात नाही. पेस्ट ते खड्डे भरते. हे मला लगेच कळलं. भाकर तव्याला जिथे टेकते तिथे भाजते. जिथे उचलली जाते तिथे कच्ची राहते. टेकणं महत्त्वाचं.

"मंग त्या ठोकळ्यात कापूस गेला असन," मी म्हटलं. त्यात हुशारी काही नव्हती. त्या खोलीत सगळ्याच गोष्टींत कापूस जात होता. पाण्याच्या माठात जात होता, वरणात जात होता.

रविवारी मुलगा आला. तिने त्याला आधीच फोनवर सांगितलं होतं, म्हणून तो मंचेरियलहून नवा ठोकळा पंख्यासकट घेऊन आला होता, सोबत पेस्टची छोटी नळी. जेवायच्या आधीच बसला. मी बाजूला होते. त्याने जुना ठोकळा काढला, तर दात्यांमध्ये रुई गच्च बसली होती, उशी भरल्यासारखी. नवा बसवला. पेस्ट लावली. स्क्रू आवळले. मन लावून केलं त्याने, हे मी म्हणेन.

मग हात धुवून जेवायला बसला आणि म्हणाला, हा आता शेवटचा खर्च. यानंतर बंद पडला तर मी हा मंचेरियलला घेऊन जातो, तिथे कुणाच्या तरी कामी येईल, आणि तूही चल. इथे कापसात बसून डोळे फोडून घेतेस.

सून म्हणाली, "पडला तर येईन." एवढंच. पण वाढताना तिच्या पळ्यातलं वरण ताटाच्या बाहेर सांडलं.

तो गेला आणि सोमवारी कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा लवकर बंद पडला.

हे मला समजेना. नवीन वस्तू जुन्यापेक्षा वाईट कशी चालते. तिलाही समजेना. ती पहाटे उठून काम करायला लागली, गार असतं तोवर. टेबलफॅन डब्याकडे तोंड करून ठेवला, तर त्या वाऱ्याने कापूस आणखी उडायला लागला. मग ती दाराशी ओलं गोणपाट टांगायला लागली. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. त्याचा फोन आला की म्हणायची, चालून राह्यला. मी ऐकत होते. ते खोटंही नव्हतं, चालतच होता, थोडा थोडा वेळ.

त्याच आठवड्यात छापखान्याने मोठं काम दिलं. एकाच मांडवात पुष्कळ जोड्यांची लग्नं लागणार होती, आणि सगळ्या जोड्यांची मिळून एक पुस्तिका करायची होती. ती वेळेवर गेली नाही तर पुढची कामं दुसरीकडे जातील, असं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. सुनेने तो कॉम्प्युटर पहाटे लावला, बंद पडला, पुन्हा लावला. सकाळचं ऊन वर आलं तरी ती उठली नाही. आणि मग तो वास आला.

म्हणजे आता आपण लिंबाखाली आहोत. डबा जमिनीवर, सून त्याच्याशेजारी.

मी म्हटलं, उघड तो. ती म्हणाली, बिघडला तर. मी म्हटलं, बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार. तिने स्क्रू ड्रायव्हर आणला. मी खाट ओढली, खाटेवर पांढरं धुतलेलं धोतर अंथरलं, माझ्या नवऱ्याचं. तो नाही आता. धोतरं चांगली आहेत अजून. फोनवर व्हिडिओ लावून तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, थांब म्हटलं की बोट लावा. त्या व्हिडिओतला माणूस हिंदीत फार बोलत होता. मी एक-दोनदा तो नको तिथे थांबवला.

तिने बाजूचा पत्रा काढला. वास पुन्हा आला. तिने पंख्याची पिन काढली, स्क्रू सैल केले आणि ठोकळा हळू हळू हलवत उचलला. उलटा केला. बघत राहिली.

मी विचारलं, "काऊन वं, काय झालं?"

तिने ठोकळा माझ्यापुढे धरला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. दुकानातून आलं तसंच. कडेने तपकिरी पडलं होतं, एका बाजूने गोळा झालं होतं. पेस्ट त्या प्लास्टिकच्या वर लावलेली. म्हणजे चकती, मग पेस्ट, मग प्लास्टिक, मग ठोकळा. भाकर आणि तव्याच्या मधे पिशवी ठेवल्यासारखं.

ती म्हणाली, "तुमचा पोरगा."

मग मात्र आम्ही हसलो. मी इतकी हसले की ठसका लागला. कारण माझा मुलगा असा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तो एकटाच असा नाही हेही ठाऊक होतं. आमच्याकडे नवीन वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही. मोटरसायकलच्या सीटवर ते असतं, उन्हाने तडकून पोटऱ्यांना टोचतं, तरी असतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत. फ्रिजच्या दारावरची पातळ पन्नी कोपऱ्यात सुटायला लागली की आम्ही ती टेपने परत चिकटवतो. स्टीलच्या ताटावरचा दुकानाचा कागद घासून घासून आपोआप जाईपर्यंत ठेवायचा. लोक हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरात आजोबापणजोबापासून नव्या वस्तू आल्या त्यांनी प्लास्टिक फाडून फेकावं. आमच्या घरात पहिली नवी वस्तू मी मोठी झाल्यावर आली. ती नवी राहावी असं वाटतं, एवढंच. माझ्या मुलाने हयगय केली नव्हती. त्याने नवी वस्तू जपली होती.

तिने ते प्लास्टिक नखाने सोलून काढलं. अख्खं निघालं, कडेचा चिकटा सोडून. त्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. तिने वाचलं आणि पुन्हा हसायला लागली. लिहिलं होतं की बसवण्याआधी हे काढा.

मी विचारलं, त्याला इंग्रजी येतं ना. ती म्हणाली, येतं, म्हणून तर वाचलं नाही.

पुढचं काम तिने केलं. कॉटनच्या चिंधीला इंजेक्शनवाल्याकडचं स्पिरिट लावून चकती पुसली, ठोकळ्याचा तळ पुसला, आरशासारखा केला. पंख्याच्या पात्यांतली आणि दात्यांतली नव्याने साचलेली रुई तिने सायकलच्या पंपाने उडवली. मी जमली तेवढी गोळा करून हातावर वळली. एक चांगली वात झाली. मी तिला दाखवली. ती म्हणाली, ठेवा, आपल्या कॉम्प्युटरची कमाई.

नळीत पेस्ट थोडी उरली होती. मला वाटलं होतं घर सारवतात तसा जाड लेप द्यायचा असेल, पण तिने ज्वारीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली. मी म्हटलं, एवढ्याने काय होणार. ती म्हणाली, जास्त झाली तर तीच मधे अडचण होते, ठोकळा दाबला की आपोआप पसरते. आणि तिने ठोकळा सरळ वरून टेकवला आणि स्क्रू आवळले, एक इकडचा थोडा, मग समोरचा थोडा, खाटेची नवार ताणतात तसे.

आता तो ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. कापसाच्या खोलीत परत नको, हे दोघींनाही कळत होतं. ती म्हणाली, कापूस विकून टाकू का. मी नाही म्हटलं. भाव अजून आला नव्हता, आणि एका डब्यापायी कापूस विकायला मी काही येडी नाही. मी म्हटलं, माझ्या खोलीत ठेव.

माझी खोली मागे आहे, लहान, मातीच्या भिंतींची, गार. त्यात माझी बाज, माझी पेटी आणि विहारात जायच्या पांढऱ्या साड्या, बाकी काही नाही. तिला वाटलं मी रागाने बोलते आहे. मी बाज भिंतीला सरकवली तेव्हा तिला खरं वाटलं. टेबल दारातून जाईना, म्हणून ते आडवं करून नेलं. वायर पुढच्या बोर्डातून लांब ओढून आणली, नंतर वायरमनने नीट करून दिली.

तिने कॉम्प्युटर लावला. मी बाजेवर बसले. ती टाइप करत राहिली, एका जोडीची पत्रिका, मग दुसऱ्या जोडीची. मी मधूनमधून डब्याच्या पत्र्यावर हात ठेवत होते, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा नाही, कापसाला चाचपतात तसा. तो गार होता. उन्हं चढली, उतरली. चालतच राहिला. दुपारच्या भाकरी मी केल्या. त्या दिवशी तिने भाकर टेबलावरच खाल्ली आणि मी खाऊ दिली. मग केव्हातरी ती गुणगुणायला लागली आणि मी समजले की आता उठायला हरकत नाही.

पुस्तिका वेळेवर गेली.

रविवारी मुलगा आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. सुनेने ताट मांडलं, ताटाच्या मधोमध ते तपकिरी प्लास्टिक ठेवलं आणि भाकर हातात धरून विचारलं, "यावर वाढू का खाली?"

त्याने ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, छापलेलं वाचलं. कान लाल झाले. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मह्याकडं काय पायतं, मी तं चौथी शिकली."

तो जेवला. जेवून उठून माझ्या खोलीत गेला, डब्याजवळ उकिडवा बसला, पंख्याचा आवाज ऐकला. सून मागे उभी होती. तिने त्याला कापसाच्या खोलीत काय झालं ते तेव्हा सांगितलं, वास, बादली, सगळं. त्याने डब्यावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाला की इथेच राहू दे. कॉम्प्युटरबद्दल बोलला की तिच्याबद्दल ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. मंचेरियलची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. तो रविवारी येतो, तसाच येतो. बरं चाललं आहे.

कापूस पुढे भाव आल्यावर गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला आणि पुन्हा पुढच्या खोलीत भरला. कॉम्प्युटर माझ्या खोलीत आहे. आवाजाची सवय झाली मला, तो बंद असला की झोप लागायला वेळ लागतो. वर्षातून एकदा, कापूस विकला की, सून डबा लिंबाखाली नेऊन उघडते, पंप मारते, जुनी पेस्ट पुसून नवी लावते. मी धोतर अंथरते आणि फोन धरते. आता तिला व्हिडिओ लागत नाही, पण फोन धरायला देते मला.

मोटरसायकलच्या सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

त्या सकाळी घरात मी होते, सून होती, आणि आमचा कापूस होता. मी आहे, सून आहे, आणि कापसाचं काही झालं नाही.